फर्नेसच्या डक्टला ईआरव्ही जोडताना : कॅल्गरीच्या बेसमेंटमधल्या नोंदी

घर कॅल्गरीत (कॅनडा, अल्बर्टा प्रांत), १९९० च्या दशकातलं, दुमजली, तीन बेडरूमचं, खाली बेसमेंट. फर्नेस (पत्र्याच्या डक्टमधून गरम हवा सोडून घर तापवणारी गॅसची भट्टी) नवीन आहे, धुरासाठी पांढऱ्या पीव्हीसी पाइपांची. पाणी तापवायची टाकी मात्र जुनीच, धूर आपोआप वर चढून चिमणीतून जाणारी. ईआरव्ही म्हणजे घरातली शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत घेणारं यंत्र. असंच घर आणि अशीच फर्नेस असलेल्या कुणाला ते फर्नेसच्या डक्टला जोडायचं काम स्वतः करायचं असेल, तर त्याच्यासाठी या नोंदी. गॅसच्या पाइपला यात कुठेही हात लावलेला नाही. ते काम परवाना असलेल्या गॅसफिटरचं.

१४ सप्टेंबर

गेल्या दोन वर्षांत खिडक्या बदलल्या, ॲटिकमधलं (छताखालच्या पोकळीतलं) इन्सुलेशन वाढवलं, रिम जॉइस्टच्या (बेसमेंटच्या भिंतीवर टेकलेल्या कडेच्या तुळईच्या) फटी फोमने भरल्या. गॅसचं बिल उतरलं आणि घर कोंदट झालं. जानेवारीत बेडरूमच्या काचांवर सकाळी पाणी, खालच्या कडेला बर्फाची पट्टी. दार लावून झोपलो तर पहाटे कार्बन डायऑक्साइडचा आकडा १,८०० पीपीएमच्या वर. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० असतो. रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची) तीन महिन्यांची चाचणी १४० बेकरेलवर आली. हेल्थ कॅनडाची मर्यादा २०० आहे, पण जागतिक आरोग्य संघटना १०० म्हणते. त्यात आमच्याकडे रोजची फोडणी. वांग्याच्या भाजीचा वास दुसऱ्या दिवशी कोटाला येतो.

एचआरव्ही की ईआरव्ही? दोन्हींत बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला मिळते. ईआरव्हीत त्याबरोबर थोडी वाफही परत येते. व्हँकुव्हरसारख्या ओल्या हवेत मी एचआरव्ही घेतला असता. कॅल्गरीचा हिवाळा कोरडा ठणठणीत. एचआरव्ही रात्रंदिवस चालवला की घरातली उरलीसुरली ओल जाते, नाकातून रक्त येतं, मग ह्युमिडिफायर लावा. म्हणून ईआरव्ही. घेताना डब्यावरचा मोठा टक्का न बघता एचव्हीआय या अशी यंत्रं तपासणाऱ्या संस्थेच्या तक्त्यातला उणे २५ अंशांचा आकडा बघावा. शून्य अंशाला सगळेच हुशार असतात.

क्षमता : अल्बर्टात लागू असलेल्या बिल्डिंग कोडप्रमाणे तीन बेडरूमच्या घराला सेकंदाला २२ ते ३२ लिटर हवा लागते, म्हणजे अंदाजे ४७ ते ६८ सीएफएम (मिनिटाला घनफूट). मी १५० सीएफएमपर्यंत जाणारं युनिट घेतलं. रोज मध्यम वेगावर शांत चालेल आणि पाहुणे आले की वाढवता येईल, हा हिशोब.

कंत्राटदाराने ४,८०० डॉलर सांगितले. युनिट मला १,४५० ला पडलं. शहराकडून घरमालकाच्या नावाने परवाना काढला. तो काढाच. घर विकताना त्याची विचारणा होते, आणि तपासायला येणारा माणूस फुकटचा दुसरा डोळा असतो.

२१ सप्टेंबर

आज एकही भोक पाडलं नाही, फक्त खडू आणि मेजरटेप. बाहेरच्या भिंतीवर दोन तोंडं लागतात : एक ताजी हवा घेणारं, एक शिळी हवा सोडणारं. माझ्या मॅन्युअलप्रमाणे दोन्हींत किमान ६ फूट अंतर हवं आणि जमिनीपासून १८ इंच उंची हवी. आमच्याकडे ही उंची बर्फाच्या ढिगाच्या वर मोजायची. घेणारं तोंड ड्रायरच्या आणि फर्नेसच्या धुरापासून ६ फूट दूर, गॅसमीटरपासून दूर, आणि गाडी उभी राहते तिथे तर अजिबात नको. हे सगळं पाळून माझ्या भिंतीवर एकच जागा उरली, जिन्याखालच्या स्टोअररूमची. तिथून फर्नेस १४ फुटांवर आहे. डक्ट लांब झाली तरी चालेल, पण गॅरेजचा धूर घरात ओढायचा नाही.

जुन्या अल्बर्टा घरांत आणखी एक भानगड असते. फर्नेसच्या खोलीत बाहेरून येणाऱ्या दोन इन्सुलेटेड नळ्या दिसतात. एक जमिनीजवळ उघडी सोडलेली असते, बरेचदा बादलीत. ती जळण्यासाठी लागणाऱ्या हवेची. पाण्याच्या टाकीला तीच हवा मिळते, म्हणून ती कधीही बंद करायची नाही. दुसरी थेट रिटर्न डक्टला (खोल्यांतली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या डक्टला) जोडलेली असते, म्हणजे फर्नेसचा पंखा चालला की बाहेरची थंडगार हवा ओढली जाते. ईआरव्ही लागल्यावर हिची गरज संपते. दोन्ही दिसायला जुळ्या. खुणेसाठी दुसरीला दोरी बांधून ठेवली.

२८ सप्टेंबर

भोकं. ६ इंचाच्या कॉलरला (नळी बसवायच्या गोल कडीला) बाहेरून साडेसहा इंचाचं भोक लागतं. एवढ्या मापाचा होलसॉ (गोल भोक कापणारं पातं) महाग, आणि दोनदाच लागणार. म्हणून आतून लांब बिटने मधोमध एक बारीक भोक पाडलं, बाहेर जाऊन त्याभोवती वर्तुळ काढलं, कडेने भोकं पाडली आणि सॉझॉलने (पातं पुढे-मागे चालणाऱ्या विजेच्या करवतीने) कापलं. व्हायनल साइडिंग (भिंतीवरचं प्लास्टिकचं आवरण) उलट्या पात्याने कापावं, नाहीतर तडकतं.

पहिलं भोक पाडताना रिम जॉइस्टच्या आतल्या बाजूने गेलेली वायर पात्यापासून दोन बोटांवर निघाली. मी तिथला ब्रेकर आधीच पाडून ठेवला होता. तो पाडल्याशिवाय कुणीही पातं आत घालू नये.

नळ्यांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे वाऱ्याबरोबर आलेला पाऊस परत बाहेर जातो. घेणाऱ्या तोंडाला कारखान्यातून डासांची बारीक जाळी होती. ती काढून पाव इंचाची लावली. बारीक जाळी इथे जूनमध्ये पॉप्लरच्या झाडांच्या कापसाने आठवड्यात बुजते.

५ ऑक्टोबर

युनिट जॉइस्टला (छताच्या तुळईला) टांगलं. सोबत आलेले पट्टे आणि रबर वापरले. थेट स्क्रूने ठोकलं असतं तर वरच्या दिवाणखान्याची जमीन रात्रभर गुणगुणत राहिली असती.

बाहेरच्या दोन नळ्या इन्सुलेटेड फ्लेक्सच्या (भोवती लोकर असलेल्या लवचीक नळीच्या). इथे घाई नको. आतली नळी युनिटच्या आतल्या कॉलरवर, त्यावर टेप. मग लोकर नीट पुढे ओढून, बाहेरचं प्लास्टिकचं आवरण बाहेरच्या कॉलरवर चढवून, त्यावर पुन्हा टेप. भिंतीकडच्या टोकालाही असंच. आतल्या उबदार हवेला त्या लोकरीपर्यंत कुठूनही वाट मिळता कामा नये. टेप ॲल्युमिनियम फॉइलचा. हार्डवेअरच्या दुकानात राखाडी कापडी टेपवर डक्ट असं लिहिलेलं असतं, पण डक्टवर तोच टिकत नाही. दोन हिवाळ्यांत डिंक सुकून गळून पडतो.

फ्लेक्स ताणून लावली. सैल सोडली की आतून सुरकुत्या पडतात आणि पंखा हवा ढकलण्यापेक्षा सुरकुत्यांशीच जास्त झगडतो. उरलेला तुकडा गुंडाळी करून आत कोंबायचा नाही, कापून टाकायचा.

निचऱ्याची नळी माझ्या युनिटला लागत नाही. एचआरव्ही घेणाऱ्यांना लागेल. तिला वळसा देऊन त्यात पाणी भरून ठेवावं, नाहीतर त्या नळीतूनच हवा ओढली जाते.

१२ ऑक्टोबर

आता मुख्य जोड. फर्नेसच्या डक्टला ईआरव्ही जोडायच्या साधारण तीन तऱ्हा आहेत. पहिली, घरभर स्वतंत्र नळ्या. नवीन घर बांधताना ठीक, झालेल्या घरात भिंती फोडाव्या लागतात. दुसरी, शिळी हवा बाथरूममधून घ्यायची आणि ताजी रिटर्न डक्टमध्ये सोडायची. तिसरी, दोन्ही रिटर्नलाच जोडायची : शिळी फर्नेसपासून लांबच्या अंगाला, ताजी फर्नेसच्या बाजूला, मध्ये किमान ३ फूट. तिसरी सगळ्यांत स्वस्त आणि सोपी. कंत्राटदारही तीच करणार होता. मीही तीच केली.

शेजारी राहतात ते गृहस्थ आयुष्यभर पत्र्याचं काम करून निवृत्त झालेत. इकडे अशांना टिनबॅशर म्हणतात. त्यांनी कातर कशी धरायची ते दाखवलं : लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. भोकाचं वर्तुळ कॉलरपेक्षा किंचित मोठं. कॉलरचे दात आत घालून एकेक वाकवायचे, मग स्क्रू, मग मॅस्टिक (फटी बुजवायचा लेप). हातमोजे चामड्याचे. रिटर्न डक्टच्या आतला धुळीचा थर बघून बायको म्हणाली, "हेच आपण श्वासात घेतोय का?" आधी व्हॅक्यूम, मग जेवण.

जाता जाता शेजारी ताज्या हवेच्या जोडाकडे बघून म्हणाले, "फर्नेसच्या फार जवळ आलाय. इथे ओढ जास्त आहे. बघ, त्रास देईल." जोड पंख्यापासून जेमतेम ५ फुटांवर होता. मॅन्युअलमध्ये १० फूट लिहिलंय, पण तिथे मध्ये तुळई आणि पाण्याचा पाइप. मी तसाच ठेवला.

१४ ऑक्टोबर

वायरिंग. दोन्ही जोड रिटर्नला असतील तर ईआरव्ही चालू असताना फर्नेसचा पंखा चालायलाच हवा. तो बंद असला तर ताजी हवा खोल्यांत न जाता रिटर्नमध्येच उलटी वळते आणि शिळ्या हवेच्या तोंडातून बाहेर निघून जाते. म्हणजे बाहेरची हवा आत येऊन नमस्कार करून परत.

साधी जोडणी अशी : ईआरव्हीचा रिले (आपोआप चालणारा स्विच) फर्नेसच्या बोर्डावरची आर (वीज देणारं) आणि जी (पंख्याचं) ही टोकं जोडतो, पंखा सुरू होतो. २४ व्होल्टचं काम, शॉकची भीती नाही, तरी फर्नेसचा स्विच बंद करूनच हात घालावा. आर चुकून सी ला (परतीच्या टोकाला) टेकला की बोर्डावरचा फ्यूज जातो.

जोडलं, ईआरव्ही सुरू केला, पंखा फिरला. मी खूश. दहा मिनिटांनी बायकोची वरून हाक : "अहो, बाहेरचा एसी का चालू झालाय?" बाहेर ६ अंश. अशा थंडीत कॉम्प्रेसर चालवणं म्हणजे त्याचा जीव घेणं. ब्रेकर पाडला.

कारण मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर सापडलं. काही जुन्या थर्मोस्टॅटमध्ये जी आणि वाय (एसीचं टोक) आतून जोडलेले असतात. फर्नेसच्या बाजूने जी वर वीज आली की ती तारेतून उलटी थर्मोस्टॅटपर्यंत जाते, तिथून वाय वर, आणि एसी सुरू. उपाय तिथेच छापलेला आहे. थर्मोस्टॅटकडून येणारी जी ची तार फर्नेसवरून सोडवायची आणि ईआरव्हीच्या रिलेवरच्या एनसी ला (रिले बंद असताना जोडलेल्या टोकाला) लावायची. कॉम (रिलेचं सामाईक टोक) पासून फर्नेसच्या जी ला तार. एनओ ला (रिले चालू झाल्यावर जोडल्या जाणाऱ्या टोकाला) फर्नेसचा आर. ईआरव्ही बंद असताना थर्मोस्टॅटचा हुकूम एनसी मधून नेहमीसारखा फर्नेसला पोचतो. चालू झाला की रिले थर्मोस्टॅटची जी तोडून टाकतो आणि आर थेट पंख्याला देतो. उलटं काही जातच नाही. तारा अडीच डॉलरच्या. थर्मोस्टॅट १९९० च्या आसपासचा असेल तर पहिल्यापासून हीच जोडणी करावी.

१९ ऑक्टोबर

बॅलन्सिंग, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी करणं. फरक १० टक्क्यांच्या आत हवा. आत जास्त आली तर हिवाळ्यात घरातली दमट हवा फटींतून भिंतींत आणि ॲटिकमध्ये ढकलली जाते, तिथे दंव धरते. बाहेर जास्त गेली तर घर ओढ घेतं, आणि जुन्या पाण्याच्या टाकीचा धूर चिमणीऐवजी बेसमेंटमध्ये उतरू शकतो. दुसरं जास्त वाईट.

युनिटच्या दारावर दाब मोजायची छिद्रं असतात आणि शेजारी तक्ता : अमुक पास्कल म्हणजे तमुक सीएफएम. डिजिटल मॅनोमीटर (हवेचा दाब मोजायचं यंत्र) ७० डॉलरला घेतला. मोजण्याआधी फर्नेसचा फिल्टर नवीन घाला. मळक्या फिल्टरवर केलेलं बॅलन्सिंग नवा फिल्टर घातल्या दिवशी मोडतं.

फर्नेसचा पंखा बंद ठेवून मोजलं : ताजी ६६, शिळी ६४. सुंदर. इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये काम इथेच संपतं.

पंखा चालू करून मोजलं : ताजी ९२, शिळी ४१.

पुन्हा मोजलं, तेच. मग नळी रिटर्न डक्टमध्ये घालून नुसता दाब बघितला. शिळ्या हवेच्या जोडापाशी उणे २५ पास्कल, ताज्या हवेच्या जोडापाशी उणे ४५. सगळा उलगडा त्या दोन आकड्यांत झाला. फर्नेसचा पंखा रिटर्नमधून हवा ओढत असतो. ताजी हवा सोडणाऱ्या ईआरव्हीच्या पंख्याला ती ओढ मदत करते. शिळी हवा घेणारा पंखा मात्र त्याच डक्टमधून, त्याच ओढीच्या विरुद्ध, हवा खेचायचा प्रयत्न करतो. गाडीला एका बाजूने बैल जुंपला आणि दुसऱ्या बाजूने तोच बैल मागे ओढतोय, अशी गत.

ताज्या बाजूचा डँपर (हवा कमी-जास्त करायची झडप) दाबून ९२ चे ४५ केले. फरक मिटला, पण दोन्ही आकडे आता कोडच्या ४७ च्या खाली. ईआरव्हीचा वेग वाढवून दोन्ही ५५ वर आणले. समाधान होतंय तोवर थर्मोस्टॅटने उष्णता मागितली, फर्नेसचा पंखा मोठ्या वेगावर गेला, रिटर्नची ओढ वाढली आणि आकडे पुन्हा ७१ आणि ३८. नव्या फर्नेसच्या ईसीएम मोटरचे (वेग बदलू शकणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असे तीन-चार वेग असतात. एका वेगावर जमवलेलं बॅलन्स दुसऱ्यावर टिकत नाही, आणि हिवाळ्यात वेग दिवसभर बदलत राहतो.

डँपर फिरवत दिवस गेला. रात्री ठरवलं : शिळ्या हवेचा जोड रिटर्नवरून काढायचा.

२ नोव्हेंबर

दुसरी तऱ्हा. शिळी हवा वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून आणि खालच्या टॉयलेटमधून घ्यायची. आमच्या घरात ही दोन्ही एकाखाली एक आहेत आणि शेजारी चादरींचं कपाट आहे. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून सव्वातीन बाय दहा इंचाचा चपटा पत्र्याचा स्टॅक (उभी डक्ट) बेसमेंटपर्यंत उतरवला. कपाटाची जागा थोडी गेली, त्यावर घरात चर्चा झाली. जिथे स्टॅक मजला ओलांडतो तिथली फट आग अडवणाऱ्या सीलंटने भरली. ती उघडी ठेवली तर बेसमेंटमध्ये लागलेल्या आगीला वर जायचा सरळ रस्ता मिळतो.

बाथरूममध्ये २०, ४०, ६० मिनिटांचं बटण लावलं. दाबलं की ईआरव्ही मोठ्या वेगावर जातो. बाथरूमचा जुना पंखा काढून त्याचं ॲटिकमधलं तोंड बंद केलं.

स्वयंपाकघरातून शिळी हवा घ्यायची नाही. तेलकट वाफ कोअरमध्ये (ईआरव्हीतल्या उष्णता अदलाबदल करणाऱ्या गाभ्यात) गेली की तिचे पापुद्रे चिकटतात. चुलीवरचा हूड वेगळा, थेट बाहेर. ड्रायरही कधीच जोडायचा नाही.

त्याचबरोबर ताज्या हवेचा जोड फर्नेसपासून लांब, ११ फुटांवर नेला. तुळईखालून नळी काढायला दोन एल्बो जास्त लागले, एवढंच. तिथे रिटर्नची ओढ फक्त उणे १५ पास्कल. शिवाय थंड हवेला खोल्यांतून येणाऱ्या गरम हवेत मिसळायला वेळ मिळतो. उणे ३० च्या दिवशी अर्धवट थंड झोत फर्नेसच्या हीट एक्सचेंजरवर आदळणं त्याच्या तब्येतीला चांगलं नाही. शेजाऱ्यांनी नवीन जोड बघितला. काही बोलले नाहीत, कॉफी मात्र प्यायले.

जुनी भोकं पत्र्याची ठिगळं लावून बंद. वाया गेलेला पत्रा, कॉलर, मॅस्टिक मिळून १४० डॉलर.

९ नोव्हेंबर

पुन्हा बॅलन्सिंग, या वेळी सुरुवातीपासून फर्नेसचा पंखा चालू ठेवून. पंख्याच्या सततच्या मंद वेगावर ताजी ६०, शिळी ६०. उष्णतेच्या वेगावर ताजी ६५, शिळी ६०. पंखा बंद केला तर ताजी ५४. शिळ्या बाजूचा आकडा आता जवळपास हलत नाही, कारण तिचा फर्नेसशी संबंधच उरलेला नाही. ताजी थोडी वरखाली होते, पण १० टक्क्यांच्या हद्दीत. डँपरच्या दांड्यावर मार्करने खूण केली आणि पाना फिरवून आवळला. कुणीतरी "हे काय आहे" म्हणून फिरवतंच.

इंटरलॉक, म्हणजे ईआरव्हीबरोबर फर्नेसचा पंखा चालू करणारी ती जोडणी, ठेवलाच. पंखा बंद असेल तर ताजी हवा जवळच्या रिटर्न जाळीतूनच बाहेर पडेल, बेडरूमपर्यंत जाणार नाही. विजेचं म्हणाल तर ईसीएम मोटर मंद वेगावर माझ्या मीटरवर ६५ वॅट दाखवते, ईआरव्ही तेवढेच. जुन्या पद्धतीच्या पीएससी मोटरची फर्नेस असेल तर हिशोब वेगळा : ती ४०० वॅटच्या आसपास खाते, आणि तेही वर्षभर. अशा घरात स्वतंत्र नळ्यांचा खर्च कदाचित परवडेल.

१६ नोव्हेंबर

शहराचे इन्स्पेक्टर आले. पहिला प्रश्न, इंटरलॉक आहे का. दुसरा, रिटर्नवरची ती जुनी थंड नळी अजून का उघडी आहे. दोरी बांधली होती, बंद करायची राहिली होती. माझं परवाचं बॅलन्सिंगही ती उघडी असतानाचं! नळी काढली, रिटर्नच्या बाजूला पत्र्याची टोपी, भिंतीच्या बाजूला फोम आणि बाहेरून झाकण. मग पुन्हा मोजलं : ताजी ६३. डँपर किंचित दाबला. बादलीतली नळी जशीच्या तशी. इन्स्पेक्टरनीही तीच ठेवायला सांगितली.

संध्याकाळी धुराची चाचणी. सगळ्या खिडक्या बंद, ईआरव्ही मोठ्या वेगावर, ड्रायर चालू, चुलीवरचा हूड चालू. वर नळातून गरम पाणी सोडून पाण्याची टाकी पेटवली, पाच मिनिटं थांबलो, आणि टाकीच्या वरच्या टोपीपाशी उदबत्ती धरली. धूर आत ओढला जायला हवा. धूर माझ्या तोंडावर आला.

एकेक बंद करत गेलो. ईआरव्ही बंद, तरी तेच. ड्रायर बंद, तरी तेच. हूड बंद केल्याबरोबर धूर आत वळला. दोष हूडचा. मोठ्या वेगावर तो एकटाच ईआरव्हीच्या दहापट हवा बाहेर फेकतो आणि तेवढी आत यायला वाट नाही. म्हणजे हा धोका घरात आधीपासून होता, उदबत्ती लावेपर्यंत कळला नव्हता. ज्यांच्याकडे अशी टाकी आहे त्यांनी ईआरव्ही बसवा न बसवा, ही चाचणी करावी. सध्या हूड फक्त कमी वेगावर, आणि फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी. तसं करून उदबत्ती पुन्हा लावली, धूर आत जातो. टाकीच्या खोलीबाहेर आणि बेडरूमपाशी कार्बन मोनॉक्साइडचे नवे अलार्म. उन्हाळ्यात पॉवर व्हेंटची (धूर पंख्याने बाहेर ढकलणारी) टाकी बसवायची.

७ डिसेंबर

उणे १९. सकाळी स्टोअररूमच्या जमिनीवर हाताएवढं पाण्याचं थारोळं. बाहेरच्या नळीच्या खालच्या अंगाने थेंब. भिंतीपाशी प्लास्टिकचं आवरण टेपमधून एका ठिकाणी निसटलं होतं, नखाएवढं. तेवढ्या फटीतून खोलीतली हवा लोकरीत शिरली, थंड नळीवर तिचं पाणी झालं, आणि ते आवरणाच्या आत साचत उतारावरून सांध्यापर्यंत आलं. दोन फूट लोकर भिजली होती. ओली लोकर वाळत नाही, तेवढा तुकडा बदलला. नवीन सांध्यावर आधी नायलॉनचा पट्टा आवळला, मग टेप. पहिल्यांदा फक्त टेपवर भरवसा ठेवला होता.

१८ जानेवारी

आठवडाभर उणे २८ च्या आसपास. डीफ्रॉस्ट कसा चालतो ते आता नीट बघायला मिळालं. कोअरमध्ये दंव धरू नये म्हणून युनिट ठरावीक वेळाने बाहेरची झडप बंद करतं आणि घरातलीच हवा कोअरमधून फिरवतं. काही मिनिटं जरा मोठा आवाज, मग पुन्हा शांत. हे मॅन्युअलमध्ये असतं. तिथे लिहिलेलं नाही ते असं की, माझ्या तऱ्हेच्या जोडणीत ती घरातली हवा म्हणजे बाथरूममधली हवा. डीफ्रॉस्टच्या वेळी ती थेट रिटर्नमध्ये, तिथून सगळ्या बेडरूममध्ये. कुणी बाथरूममधून बाहेर पडलं आणि त्याच वेळी डीफ्रॉस्ट लागला, तर घरभर बातमी जाते. दोन्ही जोड रिटर्नला असते तर हे झालं नसतं. डीफ्रॉस्टच्या वेळी नुसते पंखे थांबवणारी किंवा हीटर लावलेली युनिटं मिळतात. पुन्हा घ्यायचं झालं तर मी आधी हे विचारेन. तूर्त बाथरूमची खिडकी दोन मिनिटं उघडतो. उणे २८ मध्ये.

फोडणीचा वास : सतत चालणाऱ्या पंख्यामुळे तो आधी पूर्वीपेक्षा लवकर वरच्या खोल्यांत पोचायला लागला. मात्र जातोही लवकर. रात्री नऊची फोडणी सकाळी कोटाला येत नाही. आई महिनाभर राहून गेली, सुकट भाजली गेली, त्यानंतरही.

दोन दिवसांनी चिनूक (डोंगरावरून उतरणारा उबदार वारा) आला, एका दुपारीत उणे २२ चे अधिक ७. बाहेरच्या तोंडाच्या आतला बर्फ वितळून पाणी उताराने बाहेर गेलं. स्टोअररूम कोरडी.

२२ फेब्रुवारी

आकडे. दार लावलेल्या बेडरूममध्ये पहाटे ८५० ते ९५० पीपीएम. काचांवर उणे २० पर्यंत पाणी नाही. त्याखाली गेलं की खालच्या कोपऱ्यात थोडं. घरातली आर्द्रता ३० ते ३४ टक्के, ह्युमिडिफायर न लावता. रेडॉनची नवी चाचणी लावली आहे, मे महिन्यात कळेल.

खर्च डॉलरमध्ये : युनिट १,४५०. नळ्या, पत्रा, कॉलर, बाहेरची तोंडं ४९०. टेप, मॅस्टिक, सीलंट १३०. मॅनोमीटर ७०. तारा, बटण, थोडी अवजारं १६०. वाया गेलेलं १४० आणि बदललेली फ्लेक्स ४५. परवान्याची फी धरून २,६०० च्या आसपास. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म यात धरलेले नाहीत, ते एरवीही घ्यायचेच होते. वेळेचं म्हणाल तर दोन्ही जोड रिटर्नला लावून ते काढण्यात गेलेला वेळ पूर्ण कामाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा.

बाकी राहिलेलं : ईआरव्हीचे आतले फिल्टर दर तीन महिन्यांनी व्हॅक्यूम करायचे, कोअर वर्षातून एकदा, माझ्या युनिटचं पाण्याने धुता येतं, प्रत्येकाचं येतंच असं नाही. फर्नेसचा फिल्टर बदलला की त्या संध्याकाळी दारावरची दोन छिद्रं मोजायची. कपाटाच्या आतल्या स्टॅकला लाकडाचं आवरण करून द्यायचं आहे, ते दसऱ्याच्या आत असं घरात ठरलंय. आणि मे संपायच्या आत शिडी लावून बाहेरची जाळी.